लावलेली झाडे, जगलेली झाडे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत तीन वर्षे शिकलो. त्यांनी शिकवलेले गणित मी केव्हाच विसरलो. त्यांचा हजेरीपट मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. मुख्याध्यापक झाल्यावरही एका वर्गाची हजेरी ते स्वतः घेत. नाव पुकारायचे, मान वर करून त्या मुलाचा चेहरा पाहायचा आणि मगच खूण करायची, ही त्यांची रीत. एखाद्याने मित्राच्या नावाला ओ दिलीच, तर गुरुजी रागावत नसत. "तो आला की मला तोंड दाखवून जायला सांग," एवढेच म्हणत आणि त्या नावापुढे गैरहजेरीची खूण करीत.

आजच्या व्याख्यानासाठी विषय मीच निवडावा अशी मुभा मला देण्यात आली होती. साहित्याचा अध्यापक म्हणून संतकाव्यावर किंवा बखरवाङ्मयावर मी बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु निमंत्रण देण्यासाठी आलेल्या चिटणीसांनी सहज सांगितले की, येत्या पावसाळ्यात शाळा माजी विद्यार्थ्यांच्या सहकार्याने १,००० झाडे लावणार आहे. ते ऐकल्यावर मी विषय बदलला. बखरींकडे मी येणारच आहे. पण झाडांच्या वाटेने येणार आहे.

प्रथम एक कबुली देतो. निवृत्तीपूर्वी काही वर्षे आमच्या वसाहतीतील एका हौशी मंडळाचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. भाषा माझी बरी, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. एका वर्षी मंडळाने रोपवाटिकेतून ५०० रोपे आणून घरोघर वाटली. मी अहवालात लिहिले, "मंडळाने ५०० झाडे लावली." वाटली आणि लावली या दोन शब्दांत एका अक्षराचाही जमाखर्च वाढत नाही, पण त्या फरकात किती रोपे कुंडीतच वाळली, किती जिन्याखाली राहिली आणि किती शेळ्यांच्या पोटात गेली, हे मी पाहिले नव्हते. पुढील वर्षीच्या अहवालात मागील आकडा मिळवून मी "आजवर १,१०० झाडे" असे लिहिले. कोणी विचारले नाही. सभेत टाळ्या पडल्या. ते वाक्य मी लिहिले होते, ही गोष्ट मला आजही टोचते.

या अहवालांच्या व्याकरणाकडे आपण जरा लक्ष द्यावे. झाडे लावण्याला कर्ता असतो. "आम्ही लावली", "कार्यकर्त्यांनी लावली", "मान्यवरांच्या हस्ते लावण्यात आली." मरण्याला मात्र कर्ता नसतो. झाडे "जळाली", "गेली", "टिकली नाहीत." आपल्या भाषेत जगणे याचे प्रयोजक रूप जगवणे असे आहे, म्हणजे दुसऱ्याच्या जगण्याची जबाबदारी स्वतःकडे घेणारे क्रियापद आपल्याकडे आयते तयार आहे. मी पाहिलेल्या अहवालांत ते क्वचितच आढळले. आणखी गंमत अशी की, ज्या संस्कृत धातूवरून रोप आणि रोपण हे शब्द आले, त्या रुह् धातूचा अर्थच वाढणे असा आहे. रोपण म्हणजे मुळात वाढवणे. आपण तो अर्थ खड्ड्यात माती लोटण्यापर्यंत आखूड करून टाकला.

माझे आयुष्य जुन्या कागदांची पारख करण्यात गेले. त्या पारखीचा पहिला धडा असा की, कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि तसे लिहिण्यात त्याचा काय लाभ होता, हे आधी पाहावे. झाडांच्याच संदर्भात एक उदाहरण देतो. आंबा, फणस यांसारखी झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, अशा आशयाचा मजकूर वृक्षारोपणाच्या फलकांवर शिवछत्रपतींचे पत्र म्हणून छापलेला आपण पाहतो. तो मजकूर आहे आज्ञापत्रातला. ते रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे आणि १७१५ च्या सुमाराचे आहे. शिवकालीन राज्यनीतीचे सार त्यात आहे, हे मान्य. पण त्या मजकुराचे प्रकरण आरमाराच्या लाकडाचे आहे, हे फलक लिहिणाऱ्याला ठाऊकच नसते. अमात्य तेथे झाडे लावा असे सांगत बसलेले नाहीत. गलबतांसाठी लाकूड हवे असतानाही रयतेने वर्षानुवर्षे वाढवलेल्या झाडाला बळजबरीने हात लावू नये, घेणे भागच पडले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे ते बजावतात. म्हणजे किंमत वाढवण्याच्या वर्षांची आहे. हे त्यांना तीनशे वर्षांपूर्वी समजत होते.

आता बखरींकडे येतो. पानिपतावरील बखरींत सैन्याचे आकडे वाचताना विद्यार्थी हसत. मी त्यांना सांगत असे, बखरकार खोटारडा नव्हे. तो लाख म्हणतो तेव्हा 'पुष्कळ' असे म्हणत असतो. त्याला गर्दीचे आणि उत्साहाचे वर्णन करायचे असते. मात्र त्या आकड्यावरून दाणागोटा किती लागला याचा हिशेब मांडू गेलात की घोटाळा होतो. वृक्षारोपणाचे आकडे बहुधा या जातीचे असतात. तेव्हा त्यांना दाण्यागोट्याची कसोटी लावून पाहावी.

२ जुलै २०१७ रोजी आपल्या मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सुमारे ६ कोटी ६३ लाख रोपे लावल्याचे जाहीर झाले. १५ लाख स्वयंसेवक त्यात होते, असे सांगण्यात आले. हिशेब करू या. दर माणशी ४४ रोपे. खड्डे आधी खणून ठेवलेले असतील तर बारा तासांत ४४ रोपे लावणे माणसाच्या हाताला अशक्य नाही. दर सेकंदाला १,५०० हून अधिक रोपे, असे म्हटले की आकडा चमत्कारिक वाटतो. पण माणसे १५ लाख असतील तर तोही बसतो. दोन-दोन मीटरांवर खड्डे धरले तर सुमारे २६,५०० हेक्टर जमीन लागेल. तेवढी जमीन नर्मदाकाठी असेलही. म्हणजे लावण्यापुरता हिशेब ओढूनताणून जुळतो. आता आठवड्याला एका रोपाला दहा लिटर पाणी धरा. ५,००० लिटरचे १ लाख ३२ हजार टँकर दर आठवड्याला लागतील! जंगलात असे कोणी टँकरने पाणी घालत नाही, हे मला माहीत आहे. तेथे पावसावर भिस्त असते. पण मग कुंपण लागते, राखणदार लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रोपाभोवतीचे तण काढायला माणूस लागतो. जो दावा त्या राखणदाराबद्दल एक शब्दही बोलत नाही, तो मी बखरीच्या कप्प्यात ठेवतो.

१४ जुलै २०२४ रोजी इंदुरात रेवती टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि गिनीज बुकात त्या विक्रमाची नोंद झाली. त्या दिवशी आपल्यापैकी काही जण तेथे चिखलात उभे होते, हे मी जाणतो, आणि त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. तेथे मोजणी झाली, साक्षीदार होते. कागद म्हणून तो नर्मदेच्या आकड्यापेक्षा अस्सल आहे. पण अस्सल कागदही जेवढे सांगतो तेवढेच सांगतो. तो विक्रम २४ तासांत लावलेल्या रोपांचा आहे. पंचविसाव्या तासाबद्दल तो काहीही सांगत नाही, आणि तसे सांगण्याचा त्याचा दावाही नाही. दावा आपण त्याच्या तोंडी घालतो.

कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व कृषी मंत्री असताना १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू झाला. तेव्हापासून दर जुलैत आपण झाडे लावत आहोत. एक गोष्ट आमच्या पिढीने आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. तोच खड्डा, तोच फावड्याचा पितळी दांडा, तोच फोटो. बदलतो तो पाहुणा.

आता एका टेकडीची हकीकत सांगतो. हा प्रकार मला सविस्तर सांगितलाच पाहिजे, कारण माझी अनेक मते तेथेच मोडली.

आमच्या वसाहतीजवळच्या टेकडीवर एक स्वयंसेवी मंडळ झाडे लावीत असे. मंडळी सज्जन. पदरचा पैसा घालणारी. एका पावसाळ्यात ६०० झाडे लावल्याचे त्यांनी कळवले आणि पुढील वर्षीच्या कामासाठी लोकांना आवाहन करणारे चार शब्द मी लिहून द्यावेत, अशी विनंती केली. मला माझा जुना अहवाल आठवला. मी म्हटले, आधी पाहतो. मे महिन्यात दोन जुने विद्यार्थी बरोबर घेऊन गेलो. सुंभाची दोरी, एक पिशवी चुना आणि एक वही. उताराचे दोरीने पट्टे पाडले, पाहिलेल्या खड्ड्यावर चुन्याची बोटे ओढली. तीन सकाळी त्यात गेल्या. खड्डे मिळाले ४१२. हिरवे रोप दिसले ९७.

मी तो आकडा घेऊन मंडळाच्या बैठकीत गेलो. एक गृहस्थ, माझे चांगले स्नेही, उठून निघून गेले. पुढे दोन वर्षे त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले होते. "तुम्ही एक बादली तरी वाहिलीत का?" असे दुसऱ्याने विचारले. प्रश्न रास्त होता. मी वाहिली नव्हती.

परंतु मीही चुकलो होतो, आणि ते मला एका गुराख्याने दाखवून दिले. ऑगस्टात पुन्हा गेलो, तेव्हा मी मेलेली म्हणून लिहिलेली बरीच रोपे बुडाशी फुटली होती. पळस, सीताफळ यांसारखी झाडे उन्हाळ्यात किंवा त्याआधीच पाने टाकतात. माळव्याच्या उन्हात त्यांची नुसती काटकी उभी राहते. तो गुराखी म्हणाला, नखाने साल खरवडून पाहायची, आत हिरवी असली की ते जिवंत. नखभर खरवडण्याची ती कसोटी मला कोणत्याही ग्रंथात मिळाली नव्हती. नवी मोजणी १४३ झाली. म्हणजे ९७ हाही खरा आकडा नव्हता. मी मंडळाला पत्र लिहून माझी चूक कळवली. एकाच दिवशीची मोजणी, मग ती लावणाऱ्याची असो वा टीकाकाराची, पुरती भरवशाची नसते.

आणि मग वहीत एक विलक्षण गोष्ट दिसली. पट्ट्यांचा नकाशा कागदावर मांडला, तर जगलेल्या रोपांपैकी निम्म्याहून अधिक टेकडीच्या एकाच बाजूला, एका पायवाटेच्या दोन्ही अंगांना होती. माती तीच, रोपे तीच, लावण्याचा दिवस तोच. मी चौकशी केली. बँकेतून निवृत्त झालेले एक कारकून त्या वाटेने रोज पहाटे चढत. स्कूटरच्या पायापाशी दोन डबे ठेवून पाणी आणीत आणि जमेल तेवढ्या रोपांना घालीत. मंडळाच्या कार्यकारिणीत ते नव्हते. उद्घाटनाच्या फोटोत नव्हते. मंडळाच्या छापील पत्रकात त्यांचे नावही नव्हते. मोजणी केली नसती तर ते कोणालाच दिसले नसते. काहीजण म्हणतात, मोजणी करणारे उत्साहावर पाणी ओततात. येथे मोजणीनेच पाणी ओतणारा माणूस शोधून दिला.

त्या बैठकीनंतर मंडळाने नांग्या भरायचे ठरवले. पेरणीत जेथे दाणा उगवला नाही तेथे पुन्हा बी टोबणे याला आपले शेतकरी नांग्या भरणे म्हणतात. शेतात ते शहाणपणाचे काम आहे. अहवालात मात्र ते सापळा होते. एकाच खड्ड्यात तीन पावसाळ्यांत तीन रोपे लावली की अहवाल म्हणतो तीन झाडे. टेकडी म्हणते एक, किंवा एकही नाही. एकूण लावलेल्या झाडांचा आकडा दरवर्षी फुगत जातो तो पुष्कळदा मेलेल्या झाडांच्या जोरावर. म्हणून कोणत्याही संस्थेची पारख करताना मी झाडे किती असे विचारत नाही. खड्डे किती, असे विचारतो. आणि मेलेल्यांची यादी मागतो. ज्याच्याकडे मेलेल्यांची यादी आहे, त्याच्या जगलेल्यांवर माझा विश्वास बसतो.

पाण्याचे बोललो, तर पुढेही बोलले पाहिजे. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरांवरून, विजेने उपसून वर चढवले जाते. १,००० रोपांना आठवड्याला दहा लिटर म्हणजे दोन टँकर; नोव्हेंबरपासून पाऊस पडेपर्यंत तीस आठवडे धरले तर साठ टँकर. चिटणीसांनी मला रोपांचे आणि फलकाचे अंदाजपत्रक दाखवले. त्यात टँकर नव्हता.

परिणामाचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो जगलेल्या झाडांनाही सुटत नाही. तेथे पूर्वी काय होते? त्याच गुराख्याने मला विचारले होते, "गवत कुठे गेले?" टेकडी उघडी, ओसाड, असे आपण म्हणतो. तिच्यावर त्याची गुरे चरत होती. माळव्यातील गवताळ माळ ही ओसाड जमीन नव्हे. धार जिल्ह्यात सरदारपूर आणि रतलाम जिल्ह्यात सैलाना येथे १९८३ मध्ये अभयारण्ये घोषित झाली, ती खरमोरासाठी. आपण मराठीत त्याला तणमोर म्हणतो. नावातच तण आहे. पावसाळ्यात नर गवतातून उसळी घेऊन मादीला आपले अस्तित्व दाखवतो. तेथे दाट झाडे लावली तर झाडे जगतील आणि तणमोर जाईल. तीच गोष्ट झाडाच्या जातीची. कोनोकार्पस लवकर वाढतो, हिरवा राहतो, फोटोत छान दिसतो. गुजरातेत २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर वनखात्याने बंदी घातली. आणि कधी कधी लावण्याची गरजच नसते. हिवरे बाजारात आणि राळेगणसिद्धीत कुऱ्हाडबंदी व चराईबंदीने जे साधले, त्याला उद्घाटनाचे फावडे लागले नाही. मात्र गावाने स्वतःवर बंधन घालून घेतले होते.

सरकारी मोजमापाबद्दल थोडेच बोलतो. देशाचे वनसर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून होते. एक हेक्टरहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक पर्णछाया असेल तर ते क्षेत्र वनाच्छादनात धरतात, मग ती आमराई असो वा अरण्य. हातभर रोप त्यात दिसत नाही. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत कायद्यात ८५ टक्के रोपे जगवण्याची जबाबदारी सरपंच आणि ग्रामसचिव यांच्यावर टाकली. हेतू उत्तम. पण ज्याचे पद त्या टक्केवारीवर अवलंबून आहे, त्यानेच ती मोजू नये, एवढे कोणताही शाळामास्तर सांगेल.

कर्नाटकातील तिम्मक्कांचे नाव आपण ऐकले असेल. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ मध्ये त्या गेल्या. त्यांना सालुमरद म्हणत. कन्नडात त्याचा अर्थ झाडांची रांग. त्यांनी आणि त्यांच्या पतीने हुलिकल ते कुदूर रस्त्याच्या कडेने वडाची ३८५ झाडे वाढवली. घागरींनी पाणी वाहिले, काट्यांची कुंपणे घातली. कोटींच्या तुलनेत ३८५ म्हणजे काहीच नाही. पण त्या रस्त्याने चालत जाऊन कोणीही तो आकडा पडताळून पाहू शकतो.

आणि आपल्या इंदुरातही एक वस्तुपाठ घडला होता. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार येथे आले. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक काढली. ज्या भागात स्वच्छता अधिक, तेथून मिरवणूक जाणार, असे आधी जाहीर केले होते. घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची प्रतिमा जाळण्यात आली. आणि लोकांना हजारो लहान कुंड्या वाटल्या, प्रत्येकीत तुळशीचे एक रोप. परदेशी माणसाने आपले घर किती ओळखले होते पाहा. तुळस घरात आली की तिला पाणी कोणी घालायचे, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारत नाही. उत्तर आधीच ठरलेले असते. माझ्या वाटलेल्या ५०० रोपांत आणि त्या तुळशीत हा भेद होता, आणि मला तो फार उशिरा उमगला.

आता माझे मागणे. शाळेने १,००० झाडे लावू नयेत. सातवीच्या वर्गात यंदा जितकी मुले आहेत तितकीच लावावीत, आणि ज्या जागेपर्यंत शाळेच्या विहिरीचे पाणी बादलीने पोहोचते तेथेच लावावीत. कडुनिंब, करंज, चिंच, आणि माळव्याची आपली खिरणी. प्रत्येक खड्ड्याला क्रमांक द्यावा. झाडाला नको, खड्ड्याला. एक हजेरीपट करावा. तो सातवीच्या मुलांकडे नसावा. त्यांनी पाणी घालावे. हजेरी आठवीच्या मुलांनी घ्यावी, आणि वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मेअखेर, शाळेबाहेरच्या एखाद्या माणसाने पटावरच्या खुणा पडताळाव्यात. गैरहजर रोपापुढे खूण करताना कारण लिहावे: शेळी, वाळवी, पाणी नाही, ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' लिहिण्याची लाज वाटू देऊ नये. दुसरे रोप लावले तर तांबड्या शाईने लिहावे.

पडताळणीला पहिला बाहेरचा माणूस मी होईन, अध्यक्षमहाराजांची हरकत नसेल तर. पुढील वर्षीच्या मेअखेरीस, सकाळी साडेसहाला, ऊन चढण्यापूर्वी. टेकडी चढणे आता मला जमत नाही, म्हणूनही विहिरीजवळची जागा सुचवली, हे कबूल करतो. मुलांनी नखे मात्र त्या आठवड्यात कापू नयेत. साल खरवडायला लागतील. आणि येताना एकेक बादली आणावी. या वेळी मीही आणणार आहे.